तितूर आणि डोंगरीकाठच्या गावकारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
तितूर आणि डोंगरी नदीकाठच्या सर्व गावांचे सरपंच व ग्रामपंचायत सदस्य,
तसेच चाळीसगाव शहराचे नगरसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

31 ऑगस्ट 2021 च्या पुरानंतर आपल्या तालुक्यात पंचनामे झाले, मदतीच्या याद्या लागल्या, मोठी माणसे येऊन पाहणी करून गेली. पाऊस किती पडला यावर सगळे भरपूर बोलले. पाणी कोणत्या वाटेने आले आणि त्या वाटेवर आपण गेल्या काही वर्षांत काय काय करून ठेवले आहे, यावर मात्र एकाही ग्रामसभेत नीट चर्चा झालेली मी ऐकली नाही. हे पत्र मदतीबद्दल नाही. डोंगराच्या धारेपासून गिरणेच्या संगमापर्यंत ही एकच नदी आहे असे धरून काठच्या सगळ्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकेने एकत्र बसावे, पुराची आपली स्वतःची नोंद ठेवायला सुरुवात करावी आणि त्याप्रमाणे कामे ठरवावीत, एवढेच मला मागायचे आहे. ते का मागतो आहे, हे जरा सविस्तर सांगतो. वेळ काढून वाचावे, ही विनंती.

आपला डोंगर म्हणजे सातमाळा-अजिंठ्याची रांग. कन्नड घाट चढून वर गेले की पाणलोटच बदलतो. कन्नडच्या अंगाला पडलेले पाणी शिवना नदीतून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. कड्याच्या अलीकडे पडलेले पाणी तितूर, गिरणा, तापी असे करत अरबी समुद्र गाठते. वरच्या पाण्याला पठार आहे, ते सावकाश जाते. आपल्याकडचे पाणी कड्यावरून थेट खाली उतरते. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे जे धबधबे आपण पावसाळ्यात पोराबाळांना घेऊन पाहायला जातो, ते पाणी डोंगरीचेच. पाटणादेवीपासून चाळीसगाव अवघे 18 किलोमीटर. यातल्या पहिल्या थोड्या अंतरातच नदी बहुतेक सगळा उतार संपवते आणि मग सपाटीला लागते. तिथे तिचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की पाणी आडवे पसरते. ते जिथे पसरते तिथेच आपली गावे, आपले मळे आणि आपले शहर आहे.

पाणी किती असते, याचा हिशोब शाळेतले पोरही करू शकेल. एक चौरस किलोमीटर डोंगरावर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी होते. असे किती चौरस किलोमीटर तितूर-डोंगरीला येऊन मिळतात, ते ज्याने त्याने आपल्या गावाच्या नकाशावर पाहावे. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मदतीसाठी तो आकडा ठीक आहे. डोंगरातल्या नदीला मात्र तो 65 मिलिमीटर दिवसभरात रिमझिम पडला की दोन तासांत कोसळला, याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय मंडळाचा पर्जन्यमापक खाली गावात असतो आणि पाऊस कोसळतो वर धारेवर, अभयारण्याच्या रानात. खाली नुसती भुरभुर चालू असताना नदी दुथडी भरून आल्याचे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

डोंगर काळ्या पाषाणाचा आहे, लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर. घाटात रस्त्यासाठी जिथे कडा कापला आहे तिथे दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा उघडा पडलेला दिसतो. तो भिजला की मऊ होतो आणि त्याच्यावरचा दगड सुटतो. 2021 च्या त्या रात्री घाटात दरडी कोसळल्या, वाहने अडकली, रस्ता बंद झाला, हे आपण विसरलेलो नाही. दरड आणि पूर ही दोन वेगळी संकटे नाहीत. वरून सुटलेले दगड, माती, उन्मळलेली झाडे हे सगळे नाल्यात येते आणि पाण्याबरोबर खाली निघते. म्हणून आपल्या पुराचे पाणी नुसते पाणी नसते.

डोंगरावर माती तशी थोडीच आहे. जून-जुलैचा पाऊस ती पिऊन घेते. ऑगस्ट संपता संपता ती पुरती भिजलेली असते, आणि मग पडेल ते सगळे खाली येते. खालच्या काळ्या जमिनीचेही तसेच. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिले पाणी त्यात कुठल्या कुठे जाते. जमीन एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पाणी वरच्या वर वाहू लागते. खानदेशातले मोठे पूर ऑगस्ट-सप्टेंबरात का येतात, त्याचे एक कारण हे आहे.

आता थोडे मागे जातो, कारण 2021 ला जे झाले ते 'कधी नव्हे ते' झाले, असे बोलले जाते. जुन्या सरकारी नोंदींत खानदेशातल्या मोठ्या पुरांची यादी आहे: 1822, 1829, 1837, 1872, 1875, 1876. चोपन्न वर्षांत सहा. 1822 मध्ये तापीने 65 गावे पुरती धुऊन नेली आणि आणखी 50 गावांचा काही भाग नेला. 1872 च्या सप्टेंबरातला पूर गिरणेचा आणि पांझरेचा होता, म्हणजे सह्याद्रीतून उतरणाऱ्या, आपल्याच जातीच्या नद्यांचा. त्यात 152 गावांचे नुकसान झाले. धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे होऊन तेव्हा अर्धशतक उलटले होते, पांझरेच्या काठाने शहर वाढले होते, आणि तिथली शेकडो घरे नदीने नेली. तेव्हा घाटातून महामार्ग नव्हता, सिमेंटचे बंधारे नव्हते, हवामान बदलाची चर्चाही नव्हती. पूर येणे हा या नद्यांचा स्वभावच आहे. तो आला की किती माणसे, किती जनावरे आणि किती जमीन जाते, हे मात्र बरेचसे आपण ठरवतो.

तापीच्या पुराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टेही बहुतेक वेळा पूर्वेकडून पश्चिमेला सरकतात. त्यामुळे पाऊस आणि पूर एकाच दिशेने, बरोबरीने चालतात. वरचा लोंढा खाली पोचतो तोवर खालच्या नद्याही भरून आलेल्या असतात. 1968 च्या ऑगस्टात सुरतेने हेच भोगले. उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झाल्यावरही 2006 च्या ऑगस्टात पुन्हा भोगले. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर या सगळ्या शेवटी तापीलाच मिळतात, म्हणजे आपले पाणीही त्या पुरात असते. पण तापीकाठच्या लोकांना एक सोय आहे. तापीवरच्या हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. ते किती उघडले, किती क्युसेक पाणी सोडले, हे रेडिओवर, वर्तमानपत्रात, मोबाईलवर येते, आणि काठच्या गावांना हलायला वेळ मिळतो. तितूर-डोंगरीवर असा दरवाजांचा प्रकल्प नाही, म्हणून इशाराही नाही. कड्यावर पाऊस कोसळल्यावर आपल्या हातात दोन-तीन तास असतात, आणि ते बहुतेक वेळा रात्रीचे असतात.

त्या रात्री आमच्या शिवारात काय झाले, त्यातले एकच सांगतो. पाणी गोठ्यात शिरले तेव्हा शेजारच्या मळ्यातून आवाज आला, "पानी उनं रे, ढोरं सोडा!" बॅटरी घेऊन आम्ही गोठ्यात गेलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत आले होते. दाव्याची गाठ सुटेना. सुती दोर भिजला की फुगतो, आणि भेदरलेले जनावर मागे ओढते तसतशी गाठ आणखी आवळत जाते. बोटांनी ती सुटत नाही, दातांनीही नाही. विळा सापडला म्हणून दोन बैल वाचले. दावणीच्या पलीकडच्या टोकाला बांधलेल्या गाईपर्यंत पोचता आले नाही. सकाळी ती दाव्यालाच होती. तालुक्यात त्या रात्री जी शेकडो जनावरे दगावली, त्यातली कितीतरी अशीच बांधलेली होती. मोकळी असती तर त्यातली बरीचशी पोहून, नाहीतर उंचवट्याला लागून वाचली असती. गाय-बैल चांगले पोहतात. ऑगस्ट-सप्टेंबरात नदीकाठच्या गोठ्यात रात्री जनावर ज्या गाठीने बांधायचे ती एका हिसक्यात सुटणारी सरकगाठ असली पाहिजे, आणि गोठ्याच्या खांबाला विळा टांगलेला असला पाहिजे. याला कुठला निधी लागत नाही. ग्रामपंचायतीने दवंडी दिली तरी पुरे.

जमिनीचे काय झाले ते तुम्हाला माहीतच आहे. पंचनाम्यात 'जमीन खरडून गेली' एवढेच लिहितात. नदीकाठच्या लिंबाच्या बागेत वरची काळी माती निघून खाली मुरूम उघडा पडला, ठिबकच्या नळ्या गुंडाळून वेड्या बाभळीला अडकल्या, विहिरी गाळाने भरल्या. कपाशी पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. दोन हात खोल काळी माती पुन्हा तयार व्हायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात. म्हणून हा प्रश्न भरपाईच्या दराचा म्हणून मांडला की मला तो अपुरा वाटतो.

आता नदीच्या वाटेवर आपण काय केले आहे, ते सांगतो. यात कोणा एकाला दोष द्यायचा नाही. जे केले ते बहुतेक ठिकाणी चांगल्या हेतूने केले.

पाणलोटाच्या कामाचे सूत्र 'माथा ते पायथा' असे आहे. आधी डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीवर उताराला आडवे खणलेले चर, मग उतारावर दगडी बांध आणि गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बांध, मग मातीनाला बांध, आणि सगळ्यात शेवटी खाली सिमेंटचे बंधारे. पाण्याला वरच अडवायचे, म्हणजे ते खाली हळू येते. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी कामाला खालून सुरुवात झाली, कारण खालचे काम जेसीबीने आठवड्यात होते आणि डोळ्यांना दिसते. नाल्यांचे खोलीकरण झाले, रुंदीकरण झाले, वळणे सरळ झाली. दुष्काळी वर्षांत त्याचा फायदा झाला, विहिरींना पाणी आले, हे मी नाकारत नाही. पण सरळ आणि खोल केलेला नाला पुराचे पाणी खाली अधिक वेगाने आणून टाकतो. वरचा डोंगर तसाच उघडा राहिला तर खोलीकरणाने वरच्या गावाचा पूर आटोपतो आणि खालच्या गावाचा वाढतो. एकेका गावाने आपापला नाला दुरुस्त करायचा असे धोरण ठेवले, तर त्याचा शेवट चाळीसगाव शहरात होतो.

दुसरी गोष्ट फरशी पुलांची. आपल्या शिवाररस्त्यांवर नाल्याला आडवे पाईप टाकून वर सिमेंट ओतलेल्या फरश्या आहेत. रोजच्या पाण्याला त्या चालतात. पुराला त्या बांधाचे काम करतात. वेड्या बाभळीचा एक फांदोरा पाईपच्या तोंडाला अडकला की त्यावर पाचट, कडब्याच्या पेंढ्या, प्लास्टिक जमत जाते आणि घटकाभरात नाला तुंबतो. पाणी मग बाजूच्या शेतातून वाट काढते, किंवा फरशी फुटते आणि साठलेला लोंढा एकदम सुटतो. खालच्या वस्तीत 'एकदम भिंतीसारखे पाणी आले' असे जे लोक सांगतात, त्यामागे कितीतरी वेळा अशी तुंबलेली फरशी असते. मे महिन्यात पाईपांची तोंडे साफ करणे आणि नवीन फरशी करताना पाईपांऐवजी रुंद गाळ्याचा स्लॅब टाकणे, या दोन गोष्टींचा खर्च पंचनाम्यांच्या खर्चापुढे काहीच नाही.

शहराबद्दल नगरसेवकांना हात जोडून सांगतो. तितूर-डोंगरीच्या दोन्ही काठांवर भराव पडत आले आहेत, पडलेल्या घरांचा राडारोडा पात्रात टाकला जातो, नदीच्या कडेला टपऱ्या आणि त्यांच्या मागे पक्की बांधकामे होत गेली. पूररेषेचे नियम कागदावर स्पष्ट आहेत: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, आणि निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. या रेषा जमिनीवर दगड रोवून, रंग मारून दाखवल्या तरच घर बांधणाऱ्या गरीब माणसाला कळेल की तो नदीच्या हद्दीत आहे. तो तिथे नाइलाजाने येतो. त्याला तिथून उठवायचे असेल तर आधी उंचावर जागा द्यावी लागेल. ते केल्याशिवाय अतिक्रमण हटवण्याची भाषा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाळूचेही तेच. पात्रातली वाळू काढली की पात्र खोल होते, मग पुराला बरेच, असे काहीजण म्हणतात. वाळू गेली की पुराचा जोर काठ पोखरतो, पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडतो आणि उन्हाळ्यात विहिरी लवकर आटतात. गिरणाकाठच्या गावांना हे सांगायला नको.

आपल्या भागात नदीशी वागण्याची एक जुनी रीत होती. पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. दगडी बंधारे नदीला आडवे असत, पण बुटके. पूर आला की तो वरून जाऊ द्यायचा, ओसरला की पाटात पाणी वळवायचे. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला गावच पिकातून द्यायचे. विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला, 1884 मध्ये, धुळ्याला सहायक अभियंता म्हणून आले. पांझरेच्या एका पाटावर नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांना मिळाले. भर पावसाळ्यात पुराने ते काम अडवले, तरी त्यांनी ते पुरे केले. खानदेशातल्या नद्यांवर काम करायचे तर पुराला धरूनच करावे लागते, हे त्यांना इथे सुरुवातीलाच कळले असणार. फडाच्या रीतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जागल्या. पाण्यावर लक्ष ठेवणे हे गावाने नेमलेल्या एका माणसाचे काम होते, कोणाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते.

म्हणून आता माझी मागणी. 15 जून ते 15 ऑक्टोबर या काळात डोंगरपायथ्याच्या प्रत्येक गावाने एक जागल्या नेमावा. कोतवाल असेल, गावातला धडपड्या तरुण असेल, त्याला ग्रामपंचायतीने मानधन द्यावे. त्याच्याकडे साधा पर्जन्यमापक द्यावा. रात्री तासाभरात पाऊस ठरलेल्या खुणेच्या वर गेला किंवा नाल्याच्या खांबावरची लाल पट्टी बुडाली की त्याने खालच्या गावाच्या जागल्याला फोन करावा, त्याने पुढच्याला, आणि शेवटचा फोन शहरात. फोनवर विसंबून चालणार नाही, त्या रात्री बऱ्याच ठिकाणी वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले होते. देवळाच्या भोंग्याला, मशिदीच्या भोंग्याला बॅटरी जोडून ठेवावी. घाटमाथ्यावरच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावांशीही बोलावे. त्यांच्याकडचा पाऊस आपल्याला आधी कळला तर अर्धा-पाऊण तास जास्त मिळेल. अभयारण्यातल्या चरांच्या आणि दगडी बांधांच्या कामासाठी वन खात्याकडे सगळ्या गावांचा एकच अर्ज जावा, गावागणिक वेगळा नको. रोजगार हमीतून ही कामे होऊ शकतात, आणि उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतलेल्या हातांना गावातच काम मिळेल.

दुसरे, पुराची खूण. 2021 चे पाणी कुठवर आले होते, ते आज तुमच्या गावात कोण दाखवू शकेल? गाळाची रेघ शाळेच्या भिंतीवर होती, रंगकाम झाले आणि रेघ गेली. पाटण्याच्या देवळातल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी 1207 साली दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे आणि ती आजही वाचता येते. आपल्या तालुक्यात नोंद ठेवण्याची रीत एवढी जुनी आहे. ज्यांना अजून आठवते अशी माणसे गावात आहेत तोवर ग्रामपंचायत, शाळा, पूल आणि पार या चार ठिकाणी तेलरंगाने रेघ ओढून तारीख लिहावी. पुढचा पूर आला की त्याचीही ओढावी. पूररेषा आखायला येणाऱ्या अभियंत्याला ती रेघ सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, आणि नदीकाठी घराचा पाया खोदणाऱ्यालाही.

1 मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हे दोन विषय घ्यावेत, ही विनंती. ठरावाचा मसुदा मी करून ठेवला आहे. ज्या ग्रामपंचायतीला हवा असेल तिला तो कागद आणि नाल्या-फरश्यांचा हाताने काढलेला नकाशा दोन्ही आणून देईन. ग्रामसभेआधी सगळ्या गावांचे दोन-दोन प्रतिनिधी एकदा पाटणादेवीला जमले तर वरपासून खालपर्यंत नदी पायी पाहून येऊ. एप्रिलमध्ये पात्र कोरडे असते, सगळे नीट दिसते.

आपला,
डोंगरीकाठचा एक शेतकरी
ता. चाळीसगाव, जि. जळगाव